भिकन नानांचे जास्तीचे कान

हेडफोन मागायला कोणी आलं की मी आधी विचारतो, काय ऐकायचंय आणि कुठे बसून ऐकायचंय? काही गिऱ्हाइकं हसतात. काहींना वाटतं, हा महागातला माल गळ्यात मारायच्या तयारीत आहे. बारडोलीत दुकान मांडून मला काही वर्षं झाली, पण ही सवय त्याआधीची, सुरतेतल्या गोडादऱ्याची. ती भिकन नानांनी लावली.

गोडादऱ्यात माझं दुकान म्हणजे एक गाळा. मोबाइलची कव्हरं, चार्जर, फुटलेल्या काचा बदलणं, असलं किरकोळ काम. नाना तिथे दुसऱ्यांदा आले ते तक्रार घेऊन. पहिल्यांदा आले असणार आदल्या दिवशी, कारण हातात माझ्याकडचाच साधा इअरफोन होता, पण तेव्हा माझं लक्ष गेलं नव्हतं. तो काउंटरवर ठेवून ते म्हणाले, "भाऊ, हा 'स' नई बोलत."

"काय बोलत नाही?"

"'स'. बाकी सगळं बोलतो. 'स' खाऊन टाकतो."

साठीला टेकलेला, उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. शर्टाला मागाच्या तेलाचा वास. उभे राहिले तेही तिरपे, उजवा कान माझ्याकडे करून, त्यामुळे क्षणभर वाटलं की ते शेजारच्या शिंप्याशी बोलतायत. आवाज मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. मागावर आयुष्य काढलेली माणसं अशीच बोलतात, त्याचं मला नवल नव्हतं. 'स'चं मात्र वाटलं.

मी तो इअरफोन स्वतःच्या फोनला लावून ऐकला. 'स' होता, 'श' होता, 'छ'सुद्धा होता. तसं सांगितल्यावर ते चिडले नाहीत. म्हणाले, "मग माझा कान खातो. दुसरा दाखव."

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी दुसरा दाखवला, तिसरा दाखवला. शेवटी अख्खा कान झाकणारा मोठा हेडफोन काढला. त्यांच्या फोनमध्ये शिरून जाड आवाज कमी केले, पातळ आवाज वाढवले आणि सगळा भार उजव्या बाजूला दिला. ते डोळे मिटून उभे राहिले. तोंडाने काहीतरी पुटपुटले. मग हेडफोन गळ्यात ओढून त्यांनी मला विचारलं, "सस्मिता. यात दोन 'स' आहेत का?"

मी हो म्हटलं.

"आणि मी तिला दोन महिने 'अमिता' म्हणतोय," नाना म्हणाले. "पोरगी ओ देते. एकदाही म्हणाली नई की माझं नाव हे नव्हे."

सस्मिता म्हणजे त्यांची सून. हेडफोन घेऊन ते गेले, आणि तिथून आमची ओळख सुरू झाली.

नाना अमळनेरकडच्या एका खेड्यातले. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले, आधी सुताच्या कांड्या भरल्या, मग माग चालवला, आणि पुढे मास्तर झाले. मास्तर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. बंद शेडमध्ये ओळीने माग खडखडत असतात, आणि त्यांच्यामधून हा माणूस पान्हा घेऊन फिरत असतो. त्या आवाजाने डावा कान जवळजवळ संपला होता. उजव्याला जाड आवाज यायचे, पातळ गळून पडायचे. केस पिकले हे जसं माणूस सांगतो, तसं ते हे सांगत. कशाचंही मोडलं-बिघडलं असं कोणी सांगायला आलं की त्यांचं एक ठरलेलं उत्तर असे: "तुटलं ना? मग जोडू." मागाच्या धाग्यापासून नळाच्या पाइपापर्यंत सगळ्याला तेच. घरातल्या भांडणालाही तेच, आणि त्याने काकू, म्हणजे नानांची बायको, जास्त चिडायच्या.

त्यांचा मुलगा योगेश इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटी फिटर. हात चेपलेल्या सोबत्याला घेऊन तो ज्या दवाखान्यात गेला, तिथे सस्मिता नर्स होती. ती ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याची. मामाकडे सुरतेत वाढलेली, आईवडील गावी. दोघांनी रजिस्टर लग्न केलं. काकू चार दिवस रुसून बसल्या. मग सुनेने बिनबोभाट परात पुढे ओढून भाकरी थापायला घेतली, ती तव्यावर टाकताना मधोमध फाटली, आणि काकूंना हसू आलं. इकडचं एवढ्यावर मिटलं.

तिकडचं मिटेना. वडिलांनी मुलीचं नाव टाकलं. आईला फोन उचलायची बंदी. योगेशने हिंदीत बोलून पाहिलं, तर समोरच्याने 'कळत नाही' एवढंच म्हणून फोन ठेवला. शेवटी मामा मध्ये पडला आणि निरोप घेऊन आला. वडिलांचं म्हणणं होतं, त्या घरात माझ्या मुलीची बोली समजणारं कोण आहे? ती आजारी पडली, झोपेत काही बोलली, रडली, तर कळणार कोणाला?

योगेश म्हणाला, हे निमित्त आहे, खरं कारण जातीचं. काकूंनाही तेच वाटलं. मलाही वाटलं असतं. नानांनी मात्र तो प्रश्न जसाच्या तसा घेतला.

"बरोबर विचारतो तो," मला म्हणाले. "कोण आहे? कोणीच नई. तीस वर्षं मी उडिया माणसांमध्ये काम करतो. त्यांच्या शिव्या सगळ्या येतात मला. वाक्य एक येत नई."

सस्मिताला तेव्हा दिवस गेले होते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ती याबद्दल अवाक्षर बोलत नव्हती, पण संध्याकाळी स्वयंपाक करताना फोन ओट्यावर उताणा ठेवायची, कोणाचं नाव उजळतंय का बघायला. ते नानांनी पाहिलं होतं. मूल जन्माला यायच्या आत त्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण मी हेडफोन विकत होतो.

मी म्हटलं, घरातच मास्तरीण आहे, तिच्याकडूनच शिका. तर म्हणाले, एकदा विचारून बघितलं. पाण्याला काय म्हणतात तुमच्याकडे? ती म्हणाली, पाणीच म्हणतात नाना. आणि मोरीत जाऊन नळ सोडून कितीतरी वेळ उभी राहिली. "तिच्याकडून नको. तिला त्रास होतो. मी परस्पर शिकतो."

मोठा हेडफोन अभ्यासाचा झाला. पाळी संपवून आले की ते गच्चीवर जाऊन बसत आणि मोबाइलवरचे उडिया शिकवणारे धडे लावत. घरात टीव्ही असायचा, खाली कोणाचं तरी लेस लावायचं मशीन असायचं, गच्चीवर शांतता. हेडफोन कान असा झाकायचा की सगळं जग बाहेर. तोच लावून त्यांनी कामावर चालत जायला सुरुवात केली, आणि आठवडाभरात कोपर सोलून माझ्याकडे आले. कापडाचे ताके लादलेला टेम्पो मागून आला होता. हॉर्न ऐकू आला नाही.

"रस्त्याचा वेगळा दे," म्हणाले. "एका कानाचा."

मी म्हटलं, नाना, त्यापेक्षा रस्त्यात ऐकूच नका. ते म्हणाले, जायचा-यायचा वेळ फुकट घालवायला माझ्याकडे नऊ महिने पुरते नाहीत, त्यातले तीन गेले. मग मी त्यांना एका कानात घालायचा छोटा ब्लूटूथ दिला. घालायचा मात्र डाव्या कानात, असं त्यांनीच ठरवलं. डाव्यात आवाज मोठा केला तर जाड-जाड काहीतरी पोचायचं. तेवढ्यात नवीन काही शिकणं शक्य नव्हतं, आधी पाठ झालेलं घोकायचं. चांगला कान टेम्पोवाल्यांसाठी उघडा.

कारखान्यातही त्यांनी धडे लावून पाहिले. मागांच्या खडखडाटावर मात करायला आवाज शेवटपर्यंत वाढवला, आणि उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली ती थांबेना. योगेश त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर चांगलेच रागावले. उरलेला कान असा वापरलात तर नातवंडाचं रडणंही ऐकू येणार नाही, म्हणाले. कानाचं यंत्र घ्यायला सांगितलं. नानांनी घेतलंही, लग्नाकार्यात घालत. पण मला म्हणाले, "यंत्राने सगळ्या जगाचा आवाज वाढतो, भाऊ. मला एकाच माणसाचा वाढवायचाय."

डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट त्यांनी तंतोतंत पाळली. दगड फोडणारे कामगार कानावर घट्ट वाट्या बसवतात, तसल्या वाट्या त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून आणल्या. त्यात काहीच वाजत नाही. शेडमध्ये शिरताना त्या चढवायच्या, बाहेर आल्यावरच काढायच्या. शेठ म्हणाला, कान झाकून मास्तरकी कशी करणार? नाना म्हणाले, तीस वर्षं उघडे ठेवून केली, आता थोडी झाकून बघतो. शेठने चालवून घेतलं. त्यालाही दुसरा मास्तर एवढ्या सहजी मिळणार नव्हता.

त्याच शेडमध्ये कान्हू नावाचा एक कारागीर होता, गंजामचाच. नानांनी चहाच्या सुट्टीत त्याला आपलं उडिया म्हणून दाखवलं. तो हसला नाही, पण म्हणाला, मास्तर, ही कटककडची भाषा झाली, पुस्तकातली. गावातला म्हातारा असं ऐकून फोन ठेवून देईल, त्याला वाटेल बँकेतून बोलतायत. मग कान्हूने कारखान्यामागच्या भिंतीआड उभं राहून, आपल्या गावच्या बोलीत, साधी साधी वाक्यं नानांच्या फोनमध्ये बोलून ठेवली. जेवलात का. पाऊस झाला का. मुलगी बरी आहे. नाना तीच ऐकू लागले.

घरात या सगळ्या सामानासाठी भिंतीला ओळीने खिळे मारलेले. ज्याचा खिळा त्याचा. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, "हे बघा, देवाने दोन दिले ते पुरले नाहीत. जास्तीचे कान टांगून ठेवलेत." एका रविवारी योगेशने मॅच बघायला मोठा हेडफोन काढला. नानांनी तो त्याच्या डोक्यावरून अलगद उचलला आणि हातात दुसरा दिला. "मॅच यात ऐक. तो व्याह्याचा आहे."

पहिला फोन त्यांनी मला न सांगताच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होतो, तर पायरीवर बसलेले.

"बोललो," म्हणाले.

"मग?"

"बोलता आलं. ऐकता नई आलं."

झालं असं की व्याह्याने फोन उचलला, नानांनी पाठ केलेली तीन वाक्यं न अडखळता म्हटली, आणि समोरच्याला वाटलं की याला भाषा येते. तो भडाभडा बोलायला लागला. नानांना त्यातलं काहीही कळलं नाही. त्यात मोठा हेडफोन बिनवायरचा, समोरचं बोलणं किंचित उशिरा यायचं, दोघांचे शब्द एकमेकांवर आदळायचे. नाना गडबडून पुन्हा तीच तीन वाक्यं म्हणाले. तिकडून फोन बंद झाला. त्यानंतर लावला तर कोणी उचलेना.

मी काहीतरी समजूत घालायला लागलो. ते त्यांनी ऐकलंच नाही. मान खाली घालून ते विचार करत होते, आणि मग म्हणाले, "चूक कळली. मी बोलायचा अभ्यास केला. आता ऐकायचा करतो." आणि फोनवर बोलायला म्हणून वायरवाला हॅन्ड्सफ्री घेऊन गेले. वायरीतून आवाज रेंगाळत नाही, हे मीच त्यांना सांगितलं. त्या सगळ्यात माझं काम एवढंच.

पुढचे काही आठवडे ते दिसले की कानाला काहीतरी असायचंच. कान्हू सुट्टीवर गावी गेला होता. नानांनी त्याला तंबी दिली होती, रोज फोन करायचा आणि घाईघाईत बोलायचं, मुद्दाम. विचारशील ते विचार, शेत, सासू, बैल, काहीही. कान्हू बोलायचा, नाना हॅन्ड्सफ्रीची गोळी बोटाने कानात दाबून ऐकायचे. समजलं नाही की पुन्हा विचारायचे. कान्हूच्या गावच्या पारावरची माणसंही मग फोनवर येऊ लागली. सुरतेहून एक मास्तर उडिया शिकतोय, ही त्यांना करमणूक झाली.

याच दिवसांतली एक गोष्ट मला काकूंनी सांगितली. नाना गच्चीवर मोठा हेडफोन लावून बसले होते. कान झाकले की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, आणि नानांचा आवाज मुळात मागावरचा. आपण पुटपुटतोय असं त्यांना वाटायचं. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून सगळी गल्ली त्यांचं उडिया ऐकत होती. सस्मिताही. ती कधी काही बोलली नव्हती. त्या दिवशी ती कपडे काढायला वर गेली. काकू मागोमाग जिन्यात होत्या.

नाना म्हणत होते, "आपणंक झिअ भल शे." तुमची मुलगी बरी आहे, असं. पुन्हा पुन्हा तेच, आणि दर वेळी शेवटी 'आहे'साठी अहिराणीतलं 'शे'. जन्माची सवय, आणि 'छ' तर कानात शिरतच नव्हता.

सस्मिताने कपडे खांद्यावर टाकले, जवळ जाऊन हेडफोनची उजवी वाटी त्यांच्या कानावरून उचलली, आणि वाकून म्हणाली, "शे नाही, नाना. अछि."

नाना दचकले. "तुले कसं कळनं?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे," ती म्हणाली. "अछि. माझं तोंड बघा. अ-छि."

नानांनी तोंड बघितलं. जीभ कुठे टेकते ते बघितलं. पाच-सहा वेळा चुकून मग बरोबर म्हटलं. काकू म्हणाल्या, मी तशीच मागे फिरले, कपडे राहिले तर राहिले. त्यानंतर सासरा आणि सून रोज गच्चीवर बसू लागले. तिचं सातव्यात पोट चांगलंच दिसत होतं, जिना चढताना ती कठड्याला धरायची, पण यायची.

दुसरा फोन त्यांनी माझ्या दुकानातून केला. त्यांच्या गल्लीत दुपारी माग चालू असतात, तिथे बोलणं शक्य नव्हतं. सस्मिताला सांगितलं नाही. मी शटर अर्धं खाली ओढलं, पंखा बंद केला. नानांनी हॅन्ड्सफ्री लावला, गोळी दाबली आणि नंबर फिरवला. तिकडे पहिल्यांदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"समुदी," नाना म्हणाले. व्याह्याला त्यांच्यात समुदी म्हणतात, आणि 'मी'ला मुँ. "मुँ सुरतरु कहुछि. आपणंक झिअ भल शे... अछि, अछि. भल अछि."

पुढे पलीकडचा माणूस बोलत होता आणि नाना ऐकत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. मला दिसत होता फक्त नानांचा चेहरा, मिटलेले डोळे, कानाशी दाबून पांढरं पडलेलं बोट. मधूनच ते म्हणायचे, "आउ थरे कुहंतु." पुन्हा एकदा सांगा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मला वाटलं, आता तो फोन ठेवणार. पण बहुधा त्याचा बोलण्याचा वेग कमी झाला असावा, कारण नानांची मान हलायला लागली. ते तुटक तुटक उत्तरं देऊ लागले. घाम कपाळावरून डोळ्यात उतरला तरी त्यांनी पुसला नाही.

फोन संपल्यावर पाणी प्यायले आणि मग सांगितलं. व्याह्याने विचारलं होतं, ती काय खाते? भात देता की तुमची भाकरी खायला लावता? नानांनी खरं ते सांगितलं. सुरुवातीला भाकरीच होती. ती चार घास खाऊन उठायची, आमच्या उशिरा लक्षात आलं. आता रात्री सगळ्यांना भात असतो.  त्यावर तो म्हणाला, मी करीन फोन.

"मुलीशी बोलतो म्हणाला का?" मी विचारलं.

"नई. मीही म्हटलं नई. एवढ्यात ओढलं तर तुटेल."

आणि खरोखर त्याचा फोन आला. पण नानांच्या नंबरवर. मुलीचं नावही न घेता तो नानांशीच बोलायचा, पाऊसपाण्याचं, आणि बोलता बोलता 'तिची तब्येत' एवढं विचारून घ्यायचा. दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी.

नानांनी मग एक केलं. हॅन्ड्सफ्रीला गोळ्या दोन असतात. डावी त्यांना निरुपयोगीच होती. फोन आला की ते आत खाटेवर बसायचे, उजवी स्वतःच्या कानात घालायचे आणि डावी सुनेला द्यायचे. ती शेजारी बसून बापाचा आवाज ऐकायची. बोलायची नाही. नानांनी तिला बोल म्हटलं नाही आणि व्याह्यालाही सांगितलं नाही. बाप तिकडे, सासरा इकडे, आणि मध्ये ती, वायरीच्या एका टोकाला.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. वायर खरखर करतेय म्हणून नानांनी मला बोलावलं होतं, मी दुसरी घेऊन गेलो. ती जोडली आणि निघणार, तेवढ्यात फोन आला. काकूंनी मला खुणेनेच थांबवलं. दोघं खाटेवर. आठवा सरत आलेला, सस्मिता पाय पुढे सोडून बसली होती. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि तिकडून प्रश्न आला, जो नंतर सगळ्यांना पाठ झाला: "गोड फुलुछि कि?"

नानांनी दोनदा विचारून घेतलं. मग त्यांचा चेहरा उजळला. एवढं तर त्यांना कळलं होतं. सुनेचं डोहाळजेवण झालं का, गोडाधोडाचं केलं का, फुलं माळली का, असं विचारतोय, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी उडियात जोरात सांगितलं की हो, गोड पुष्कळ केलं, फुलंसुद्धा आणली.

सस्मिता फिस्सकन हसली. तोंडावर हात नेईपर्यंत हसू बाहेर पडलं होतं आणि माइक तर दोघांच्या मध्येच लोंबत होता. तिच्या भाषेत गोड म्हणजे पाय. बाप विचारत होता, तिच्या पायांना सूज येते का?

पलीकडचा आवाज थांबला. नानांनी सुनेकडे पाहिलं. तिचा हात तोंडावरच होता, डोळे मोठे झाले होते. मग तिने हात खाली घेतला.

"बापा," ती म्हणाली. "मुँ."

नानांनी आपल्या कानातली गोळी काढली, तिच्या दुसऱ्या कानात ठेवली आणि उठले. मला आणि काकूंना हाताने बाहेर काढलं. आम्ही तिघं नळापाशी उभे राहिलो. आतून ती बोलत होती आणि मध्येच थांबत होती. काकू पदराने डोळे पुसत होत्या. नाना म्हणाले, "सूज येते तिला. संध्याकाळी येते. मला माहीत होतं. शब्द माहीत नव्हता."

त्यावर बरेच दिवस ते स्वतःवर वैतागलेले होते.

बाळंतपणाला तिची आई आली, सुट्टी संपवून परतणाऱ्या कान्हूच्या सोबतीने. बाप आला नाही. शेत सोडून कसा येणार, म्हणाला. त्याचा हेका होता आणि नानांनीही तो मोडायचा प्रयत्न केला नाही. मुलगी झाली. आजी महिनाभर राहिली. काकूंना उडिया येत नव्हतं, विहीणबाईंना मराठी नाही. दोघी दिवसभर आपापल्या भाषेत बोलत बाळाचं करत होत्या, आणि संध्याकाळी नाना कामावरून आले की दिवसभराच्या बोलण्याचा अर्थ दोघींना सांगत. त्यात निम्मं ते स्वतःच्या मनाचं घालत असावेत, अशी मला शंका आहे, कारण दोघींचं एकदाही भांडण झालं नाही.

पुढे आमच्या गाळ्यांवर रस्ता रुंद करायचं काम आलं आणि मी बारडोलीला आलो. नानांचा फोन यायचा. नातीचा पहिला भात, म्हणजे उष्टावण, आजोळी करायचं ठरलंय, गंजामला जातोय, असं त्यांनी कळवलं तेव्हा मी उधना स्टेशनवर गेलो.

गाडी येऊन लागलेली होती. पुरीकडे जाणारी ही गाडी त्यांच्या अमळनेरवरूनच जाते. नानांनी एकदाही तिथे उतरायचं म्हटलं नाही, अशी काकूंनी खिडकीतून माझ्याकडे तक्रार केली. योगेश सामान लावत होता. सस्मिताने मुलीला खिडकीशी उभं धरलं आणि तिचा हात हलवून दाखवला. मी आणलेला खाऊ आत दिला.

नाना समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या उडिया बाईशी बोलत होते. तिचं कोणीतरी सुरतेत मागावर होतं, त्याला भेटून ती परत निघाली होती. ती काहीतरी सांगत होती, नाना वाकून ऐकत होते, मध्येच काही विचारत होते, ती पुन्हा सांगत होती. मी दोनदा हाक मारली. काकू म्हणाल्या, "राहू द्या, आता ते ऐकायचे नाहीत."

गाडी हलली. मी थोडा बरोबर चाललो. खिडकी पुढे सरकली तेव्हा नाना दोन्ही हात हवेत पसरून त्या बाईला कसल्यातरी मोठ्या वस्तूचा आकार दाखवत होते, आणि ती मान हलवून म्हणत होती की नाही, त्याहूनही मोठा.